हेलिकॉप्टरच्या दारातला माणूस

“उतरा खाली! दत्ताकाका, उतरा म्हन्तो ना! आबाच्या फोटोला हात लावलात तर बघा मग!”

तुझा भानुदास खालून बोंबलत होता, रखमाजी, आणि मी झरीच्या फाट्यावर शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभा होतो. वय सत्तरीला टेकलेलं, दोन्ही गुडघे फितूर, एका हातात बांबू, दुसऱ्या हातात पंचांग वाचायचं भिंग. शिडी अशी हलत होती की परभणीत भूकंपाची बातमी लागली असती. खाली माणसं जमली. रिक्षा थांबल्या, एसटी थांबली, कंडक्टरने खिडकीतून मान काढून विचारलं, “कोन हाय वर? जीव द्यायलाय का?” माझ्या वतीने कुणीतरी उत्तर दिलं, “न्हाई न्हाई. फोटो बघायलाय.”

खरंच फोटोच बघत होतो. तुझ्या तेराव्याचा फ्लेक्स आहे तो. भानुदासने परभणीहून करून आणलाय, अर्ध्या झरीवर सावली पडेल एवढा. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली तुझं नाव, आणि मधोमध तुझा पटक्यातला फोटो असायला हवा तिथे आपल्या माळावर शूटिंग झालेल्या टीव्ही मालिकेतलं हेलिकॉप्टर. त्याचं दार उघडं, दारातून एक माणूस अर्धा बाहेर वाकलेला. काळं जाकीट, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर काळा गॉगल, एक हात वर. चेहऱ्याचा म्हणून दिसतो तो फक्त जबडा. हार संगणकावरच घातलाय. आणि त्याच्या पायाशी आम्हा शोकाकुल मंडळींच्या चेहऱ्यांची रांग. तिच्यात पहिला मी. फोटो आधार कार्डावरून उचललेला, त्यामुळे सगळ्यांत जास्त मेलेला मीच दिसतो.

आता माझी पंचाईत बघ. दारातला तो माणूस मी आहे. म्हणजे, मी आहे असं मी गेली चाळीस वर्षं सांगत आलोय. पेडगावच्या पारावर सांगितलं, मानवतच्या मोंढ्यात सांगितलं, पाहुण्यांच्या सोयरिकीत मुलीकडच्यांना सांगितलं, एकदा तर दवाखान्यात सलाइन लावता लावता नर्सला सांगितलं आणि तिची सुई चुकली. तो मी असेन, तर त्या फ्लेक्सवर वर मी वारलोय आणि खाली माझ्याच जाण्याने मी दुःखी आहे. आणि तो तू असशील, तर इतकी वर्षं मी कुणाची गोष्ट सांगत होतो?

भानुदासला मी साधंच बोललो होतो. म्हटलं, “अरे, फोटो चुकला. हा तुझा बाप न्हाई, मी हाय.”

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसा मी तुझ्या सरणावरून शाल ओढून घेतलीय. “काका, आबानी आमाला लहानपनी रोज सांगितलंय. मी वर होतो आन दत्ता खाली मेंढरं राखायलता. माझ्या पोरीला सांगितलंय. पार परवा-परवापोतर सांगितलंय.”

रखमाजी, हे काय? हॉटेलात मी ही गोष्ट सांगायचो तेव्हा तू माझ्या शेजारीच बसलेला असायचास ना? बशीत चहा ओतून फुंकर मारत. मी आकाशातून खाली उतरलो की ऐकणारे तुझ्याकडे बघायचे, खरं का खोटं विचारायला. तू बशी खाली ठेवायचास, मिशी पुसायचास आणि म्हणायचास, “व्हय. ह्योच व्हता.” एवढंच. त्या तीन शब्दांवर माझी आख्खी जिंदगी उभी आहे. माझ्या बोलण्यावर गावात कुणी बाजरीचं कणीससुद्धा उधार देणार नाही, पण तुझी गवाही म्हणजे शिक्का. आणि तोच तू घरी जाऊन पोरांना दुसरंच सांगत होतास? मग खोटं कुठे बोललास? हॉटेलात की घरी?

मी चिडलो होतो का, मला सांगता येत नाही. शिडी मात्र मीच मागवली.

चल, पहिल्यापासून लावून बघू. आता तूही निवांत आहेस.

ज्यांनी ती हेलिकॉप्टरची मालिका रविवारी सकाळी टीव्हीवर बघितली त्यांना वाटतं, मालिकेत एक हेलिकॉप्टर होतं. हेलिकॉप्टरं दोन होती. खरं आलं ते दोनच दिवस. बाकी सगळा मुक्काम लाकडाच्या हेलिकॉप्टरवर. आपल्या माळावर प्लायवुडचं धूड उभं केलं होतं, माझ्या जुन्या बैलगाडीच्या आसावर, आणि शेपटीला पत्रा. माझा ट्रॅक्टर त्यांनी जनरेटर ओढायला घेतला होता म्हणून मी तिथे, आणि माळावर तुझा मेंढवाडा होता म्हणून तू तिथे. दरसाल माझ्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचास तू. आपली ओळख लेंड्यांची, आणि त्या ओळखीवर आपण दोघं फिल्मी लाइनीत शिरलो.

तो माळ म्हणजे सरहद्दीपलीकडचा मुलूख, असं ठरलं होतं. म्हणून तुझी मेंढरं शत्रूची मेंढरं. तुला ते आवडलं नव्हतं. “माझी मेंढरं कामून शत्रूची?” म्हणत तू डायरेक्टरशी हुज्जत घातली होतीस आणि त्याला मराठी येत नसल्यामुळे तो प्रत्येक वाक्याला “बढिया, बढिया” म्हणत होता.

हिरो त्या लाकडी धुडात बसायचा. चार गडी खालून बांबू लावून ते हलवायचे. हिरोने डावीकडे वळायचं असलं की आपण डावा बांबू दाबायचा. एकदा तू आणि मी एकाच वेळी दाबला तेव्हा हिरो शत्रूवर गोळ्या झाडता झाडता पालथा शत्रूच्याच मुलखात येऊन पडला. गोळ्यांचा आवाज नंतर मुंबईत भरणार होते. इथे तो तोंडानेच ठ्या ठ्या करायचा, थुंकी काचेवर उडायची, आणि ती काच पुसायला एक पगारी माणूस होता. धुळीला मळणी यंत्राचा पंखा. त्या पंख्यासमोर मी एकदा चुकून उभा राहिलो तर माझा पटका उडाला तो थेट मानवतला कापसाच्या गाडीवर जाऊन पडला आणि व्यापाऱ्याने त्याचा पण भाव केला. (इथे तू म्हणायचास, “व्हय.” आता कुणी म्हणत नाही. बघ, किती लंगडं वाटतं.)

आणि मग ते ढग.

खरं हेलिकॉप्टर आलं त्या दिवशी तुझी मेंढरं खालून पळवली, वरून कॅमेरा फिरवला, सगळं झकास झालं. तिसऱ्या प्रहरी सेट लावणारा पोरगेला माणूस तुझ्याकडे आला. लाकडी हेलिकॉप्टरच्या काचेबाहेर ढग सरकताना दाखवायचे होते, त्यासाठी त्याला लोकर हवी होती. “भैया, बादल बनाने हैं. जितना ऊन मिले, दे दो.” तू विचारलंस, कधी? तो म्हणाला, सकाळी.

तू भावकीला निरोप धाडलास. सगळे पाहुणे कात्र्या घेऊन आले. मेंढरं ओढ्यात धुतली, आणि दिवस मावळायच्या आत आख्खा कळप कातरून मोकळा. तुला एक क्षण तरी वाटलं नाही का रे, की उद्या हीच मेंढरं पुन्हा फोटोत लागणार आहेत?

सकाळी डायरेक्टर जीपमधून उतरला. माळावर तुझा कळप उभा. काल गुबगुबीत होती ती मेंढरं आज हाडकुळी, पायऱ्या-पायऱ्यांची कातरण अंगावर, लाजून एकमेकांमागे लपायलेली. डायरेक्टरने डोक्याची टोपी काढून जमिनीवर आपटली. “ये वो भेड़ें नहीं हैं!”

“तीच हैत साहेब,” तू म्हणालास. “आंघोळ घालून हजामत केलीय फक्त.”

वर आणखी लोकर आपल्या मेंढरांची, म्हणजे काळी. सेट लावणाऱ्याला पांढरे ढग पाहिजे होते. तू पोतीच्या पोती काळे ढग त्याच्यासमोर रचलेस आणि म्हणालास, “पावसाचे हैत. जास्ती चांगले.” तो माणूस उकिडवा बसला आणि रडला, रखमाजी. मी बघितलंय. मीच पुढे होऊन तोडगा काढला: साहेब, टकली झाली तर झाली, लोकांना वाटू द्या की हेलिकॉप्टरच्या वाऱ्याने लोकर उडाली. आणि त्यांनी तसंच केलं ना! टीव्हीवर हेलिकॉप्टर येतं तेव्हा खाली लोकरीची मेंढरं, वळून परत जातं तेव्हा बोडकी. आभाळ लख्ख, आणि हिरोच्या खिडकीपुरते काळे ढग.

यावरून आपण मरेपर्यंत भांडलो. मी म्हणायचो, तू मेंढरं मुद्दाम कातरलीस, शत्रू म्हटल्याचा राग होता तुझ्या मनात. तू म्हणायचास, “ढग मागितले त्येनी. ढग काय मी बाजारातून आनू?” खरं काय होतं ते तू सांगितलं नाहीस. पण ते राहू दे. ते मी सोडून दिलं. माझं सगळं आता त्या दुसऱ्या दिवसावर अडलंय. कारण फ्लेक्सवर त्या माणसाच्या हाताखाली, कोपऱ्यात, मेंढरं दिसतात आणि ती बोडकी आहेत.

दुसऱ्या दिवशी हिरोने वर जायला नकार दिला. त्याला पहिल्या मजल्यावरसुद्धा चक्कर यायची. खरं हेलिकॉप्टर नुसतं घरघरलं तरी तो बाभळीखाली जाऊन ओकायचा. मग त्याच्या मापाचा कुणीतरी हवा होता, जाकीट चढवून दारातून वाकणारा. त्याच्या मापाचे माळावर दोनच. तू आणि मी. दोघं तिशीच्या आतले, दोघं तरवडाच्या फोकासारखे सडपातळ. डायरेक्टरने आपल्या दोघांकडे बोट केलं. इथपर्यंत सगळं स्वच्छ आहे.

यापुढे मला दोन गोष्टी आठवतात, आणि दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत.

एक अशी: जमीन पायाखालून सटकली, आणि माळ गोधडीसारखा आकसला. ओढा म्हणजे कुणीतरी टाकून दिलेली नाडी. मेंढरं म्हणजे सांडलेले तीळ. जाकिटाला दुसऱ्याच्या घामाचा वास. दाराचा दांडा इतका थंड की हात चिकटला. हे मी सांगतो तेव्हा विमानं आडवी येतात, घारी सलाम करतात, मला मुंबई दिसते. ते सगळं नंतर घातलेलं, ते मला माहीत आहे. पण नाडी, तीळ आणि दांड्याचा गारठा मी घातलेला नाही. ते आत आहे.

दुसरी अशी: मी खाली आहे. तोंडात माती. मेंढरं बिथरून माझ्या पायांतून पळताहेत, मी एका बोडक्या मेंढीला मिठी मारून बसलोय, तिला धरायला लोकरच नाही, हात घसरतोय. वर काळं पोट, त्यातून एक हात बाहेर आलेला. आणि मी त्या हाताकडे बघून शिवी दिली. कुणाला दिली? अनोळखी माणसाला मी शिवी देत नाही, तुला देतो.

यातली एक गोष्ट तू मला दिलीस, रखमाजी. माळावर बसून, बिडी ओढत, तू कधीतरी सांगितली असशील आणि मी ती घालून घेतली असेन, जाकिटासारखी. पण कुठली? वरची, की खालची? तू वर असशील तर नाडी आणि तीळ तुझे. मी वर असेन तर ती घसरती मेंढी तुझी, आणि शिवी तू मला दिलेली. तूसुद्धा मला पुष्कळ दिल्यास म्हणा.

म्हाताऱ्या माणसांना विचारून बघितलं. झरीत जो भेटला तो म्हणाला, “तूच की! घारीनं सलाम केलता तुला.” म्हणजे ते मलाच माझी गोष्ट सांगताहेत, माझ्याच घारीसकट. साक्षीदार मीच खराब करून ठेवलेत.

मालिका लागली त्या रविवारीही काही उपयोग झाला नाही. तुझ्या भावकीच्या सोप्यात सगळा गाव जमला होता. तो प्रसंग आला आणि एकच गलका उठला, पण दारातल्या माणसाकडे कुणी बघितलंच नाही. जो तो आपापली मेंढी ओळखायला लागला. “ती बघ ती माझी कानबुडी!” “बाजूला लंगडी बघ, कशी पळायलीय!” एका म्हातारीने तर मेलेली मेंढी टीव्हीत जिवंत बघून डोळ्यांना पदर लावला. तू आणि मी मागे उभे होतो, खांबाला टेकून. तू माझ्याकडे बघून हसलास. मी तुझ्याकडे बघून हसलो. मला वाटलं, आपण एकाच गोष्टीला हसतोय.

मी शेवटचा तुझ्याकडे आलो तेव्हा तू बाजेवर होतास. बोलणं कमी झालं होतं. मी नेहमीप्रमाणे एकटाच दोघांचं बोलत होतो. मधेच तू विचारलंस, “दत्त्या, त्या दिशी वारा कुनीकडून व्हता रे?”

मी म्हटलं, “वरून!”

तू हसलास, मग खोकलास, मग झोपलास. मीही हसत हसत घरी आलो. आता त्या प्रश्नाने माझी झोप उडवलीय. वारा कुठून होता हे कोण विचारतं? वर गेलेला माणूस विचारेल, कारण वर सगळीकडूनच वारा, कळायला मार्ग नाही. पण खालचा पण विचारेल, कारण मेंढरं वाऱ्याला पाठ देतात आणि त्या दिवशी ती भलतीकडेच पळाली. आणि तिसरं असं की तू फक्त विचारलंस. मला वाटतं तुलाही आठवत नव्हतं. तुलाही दोन गोष्टी आठवत होत्या, आणि तू एक हॉटेलात वापरलीस, एक घरी. असं असेल तर तू कुठेच खोटं बोलला नाहीस.

पण तू माझ्यासाठी बोलला असशील तर? वर तूच असशील, आणि चाळीस वर्षं बशी खाली ठेवून “ह्योच व्हता” म्हणाला असशील, कारण तुला दिसत होतं की ह्या माणसाकडे दुसरं काही नाही? आणि उलटं असेल, वर मीच असेन आणि तू घरी पोरांना माझं आभाळ आपलं म्हणून सांगितलं असशील, तर त्याचाही राग येत नाही. माझी गोष्ट कुणाला चोरावीशी वाटली, एवढी ती चांगली होती. गावात आजवर माझ्याकडून कुणी काही चोरलेलं नाही.

म्हणून शिडी चढलो. माझा पुढचा दात लहानपणापासून तुटका आहे. फोटोतला माणूस ओठ फाकून हसतोय किंवा ओरडतोय. म्हटलं, दात बघू, निकाल लावू. भिंग लावलं. लांबून जबडा दिसत होता. जवळ गेलो तर नुसते ठिपके, लाल, निळे, पिवळे. आणखी वाकलो तर ठिपके आणखी मोठे झाले. तोंडाच्या जागी एक काळा चौकोन. त्यात माझा दात असेल, तुझा असेल, मळणीच्या पंख्याची धूळ असेल. मी त्या चौकोनावर हात ठेवला. ऊन लागून फ्लेक्स तापला होता, अंगाला ताप असावा तसा.

तेवढ्यात भानुदास ओरडला. मग मी उतरलो.

खाली आल्यावरही तो रागातच होता, पण त्याने माझा हात धरूनच मला शेवटच्या पायरीवरून घेतलं. तुझी सवय. मग म्हणाला, “उद्या तेरावा हाय. माइक सांगितलाय. बोलायला तुमीच उभं ऱ्हानार. सगळ्यांसमोर सांगा, फोटोत कोन हाय. तुमी सांगाल ते. तुमी म्हणालात तर मी फ्लेक्स उतरवतो, आन शेडवर टाकतो, मेंढरांवर पानी गळायलंय.”

मी काय सांगू, रखमाजी? आयुष्यात पहिल्यांदा मला खरं बोलायचंय आणि ते माझ्याकडे नाही.

मग आठवलं की त्या दिवशी माळावर आणखी एक माणूस होतं. सोजरवहिनी. तुझं नवीन लग्न झालेलं, ती दोन्ही दिवस मेंढरांबरोबर होती. मी इतकी वर्षं इतक्या लोकांना गोष्ट सांगितली, तिला कधी विचारलं नव्हतं.

गेलो. ती शेडच्या तोंडाशी बसली होती, मांडीवर आजारी कोकरू, त्याला बाटलीने दूध पाजत. कपाळ मोकळं. ती म्हणाली, “या भाऊजी. शिडीवर चढला म्हनं.”

“चढलो होतो.”

“पडला न्हाईत ना?”

“न्हाई.”

मी खाली बसलो. म्हटलं, “वहिनी, एक विचारतो. खरं सांगा, मला वाईट वाटंल म्हणून लपवू नका. दुसऱ्या दिवशी, मेंढरं कातरल्यावर, त्या हेलिकॉप्टरच्या दारात रखमाजी होता, की मी?”

तिने बाटली काढली, कोकराचं तोंड पदराने पुसलं, बाटली परत लावली.

“मी मेंढरं वळवायलते,” ती म्हणाली. “वर कोन बघतंय.”